नाकारलेल्या हॉपची वंशावळ

१/८ घरी पेल एल करू पाहणाऱ्या नवख्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘कॅस्केड हॉप घ्या, चुकणार नाही.’ सल्ला खोटा नाही. तरीही माझे मत असे की, एखादी खेप अपरिचित हॉपसाठी राखून ठेवावी. आणि त्याचे कारण चवीइतकेच इतिहासातही आहे. #थ्रेड

२/८ हॉप ही एक वेल. तिच्या मादी फुलोऱ्यातील पिवळ्या भुकटीत, म्हणजे लुपुलिनमध्ये, बिअरचा कडवटपणा आणि सुगंध दोन्ही साठलेले असतात. कोणता सुगंध ‘चांगला’ हे मात्र वेल ठरवत नाही, बाजार ठरवतो. आणि बाजाराचे मत पालटत असते.

३/८ १९१६ साली कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातून एका रानटी हॉपचे कलम इंग्लंडच्या वाय कॉलेजात आले. ई. एस. सॅल्मन यांनी त्याच्या रोपांतून ‘ब्रूअर्स गोल्ड’ ही जात निवडली; १९३४ मध्ये ती लागवडीसाठी खुली झाली. कडवटपणा भरपूर होता, पण तिचा उग्र ‘अमेरिकी’ वास इंग्रज मद्यकारांना खटकला.

४/८ आजचा ‘सुरक्षित’ कॅस्केड तरी कोण? इंग्लंडची फगल आणि रशियाची सेरेब्रियांका यांच्या वंशातले, ओरेगॉनमध्ये १९५६ साली निपजलेले एक रोप. त्याला नाव मिळून ते बाजारात यायला १९७२ उजाडले. १९७५ची अँकर लिबर्टी एल आणि १९८०ची सिएरा नेवाडा पेल एल यांनी त्याला प्रतिष्ठा दिली.

५/८ सोराची एसची कथा याहून बोलकी. जपानच्या सप्पोरो कंपनीने १९८०च्या दशकात ही जात तयार केली. तिच्या वंशात तीच ब्रूअर्स गोल्ड आहे. लिंबाचा आणि शेपूचा हा वास मायदेशात रुजला नाही. १९९४ मध्ये ती ओरेगॉनला पोहोचली आणि पुढे अमेरिकी मद्यकारांनीच तिला नावारूपाला आणले.

६/८ अमेरिकेत घरगुती बिअरवरील संघीय बंधन दूर करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. मोठ्या कारखान्याला एक फसलेली खेप परवडत नाही. वीस लिटरवाल्याला परवडते. म्हणून विचित्र वासांना पहिली संधी देणे हे मी घरगुती मद्यकाराचे कर्तव्यच मानतो.

७/८ ‘इतिहास पिता येत नाही’ हा आक्षेप रास्त आहे. केवळ वेगळेपणासाठी वेगळे घेतले, तर पदरी शेपूचे पाणी पडेल. म्हणून माल्ट साधे ठेवावे, कडवटपणासाठी ओळखीचा हॉप आधी उकळावा आणि नवा हॉप अगदी शेवटी, बेताने घालावा. सुगंधी तेले उडून जाणारी असतात. फार वेळ उकळल्यास त्या जातीचे म्हणणे ऐकूच येणार नाही.

८/८ ज्या जातीला मागणी नाही, तिची वेल शेतकरी उपटून टाकतो; आणि तिच्यासोबत उद्याच्या जातींची बीजेही जातात. मॅनिटोबाचे ते कलम वासापायी फेकले गेले असते, तर सोराची एस जन्मलीच नसती. (महाराष्ट्रात परवान्याविना घरी मद्य करणे गुन्हा आहे, हा सल्ला कायदा मुभा देतो तिथल्या मराठी मित्रांसाठी.) तुमचे मत वेगळे असल्यास जरूर मांडा.