नितळ पाण्याची किंमत

दिवाळीची सुटी संपली की महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात प्रवासकथांना ऊत येतो. यंदा मान अंदमानचा होता. पूर्वी हॅवलॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वराज द्वीपाच्या किनाऱ्यावर एका सहकाऱ्यांचा मुलगा मनसोक्त पोहला, तोंडाला नळी लावून त्याने पाण्याखालची प्रवाळे न्याहाळली, वाळूत चेंडू खेळला. 'आठ दिवस पोरगा खोलीत म्हणून बसला नाही,' हे सांगताना सहकाऱ्यांचा चेहरा उजळला होता. त्या आनंदाचे हप्ते त्यांना वर्षभर फेडावयाचे आहेत.

मध्यमवर्गाच्या हौसेला नाक मुरडण्याचा येथे हेतू नाही. कारकुनाने समुद्र पाहू नये, असे कोण म्हणेल? प्रश्न असा की, एवढा पैसा मोजून त्या मुलाने घेतले काय? स्वच्छ पाणी, मोकळी जागा आणि हुंदडण्याची मुभा. यांतले निदान थोडे तरी त्याला घराजवळ फुकट मिळावयास हवे होते.

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले आपले शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. माझे वडील याच नदीत पोहावयास शिकले. आज तीत पाय बुडविण्याचे धाडस कोणी करणार नाही. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात कित्येकांना श्वास कोंडून रुग्णालय गाठावे लागले. प्रदूषणाचा हा वाद हरित लवादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नदी मात्र होती तेथेच आहे.

आमच्या शास्त्राचा एक दोष येथे कबूल केला पाहिजे. नदी मुलांना फुकट पोहू देते, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नात पैचीही भर पडत नाही. तीच नदी नासली की तरणतलावाची फी, औषधांचा खर्च आणि बेटावरचे विमानभाडे, हे सारे उत्पन्न म्हणून मोजले जाते. सार्वजनिक संपत्ती बुडते आणि हिशेबात भरभराट दिसते!

बेटांवरचे पाणी नितळ आहे ही निसर्गाची कृपा खरीच; पण तिला कायद्याचा पहाराही लागतो. अंदमानात वंडूरचे सागरी उद्यान १९८३ मध्ये झाले, आपल्या मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये. मालवणच्या मच्छीमारांनी त्यास विरोध केला, कारण तेथे पोटाचा प्रश्न होता. संरक्षणाची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच. वालधुनीच्या बाबतीत ती कोणी मोजावी, हे ठरविणे मात्र अवघड नाही. ज्याने पाणी नासविले, त्याने ते शुद्ध करावे. आणि जी नगरे आपले सांडपाणी तीत सोडतात, त्यांनीही आपला वाटा उचलावा.

मंदिर-परिसराच्या सुशोभीकरणाच्या योजना आखल्या जातात, त्यांचे स्वागतच आहे. तथापि घाटाला फरशी बसविणे सोपे असते. त्या घाटावरून एखादे मूल निर्धास्तपणे पाण्यात उतरू शकेल काय, हीच खरी कसोटी होय. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकास हा एकच प्रश्न आपण विचारावा. तोवर ज्याच्यापाशी विमानाचे भाडे आहे त्याचेच मूल पोहेल. बाकीची काठावर नाक धरून उभी राहतील.