फांदी कोणाची?

शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आमच्या अंगणात पाड टाकते तोवर ती 'आपली'. कौलांवर कोसळली की लगेच 'त्यांची'! हा तंटा विलायतेतही गाजला. 'लेमन विरुद्ध वेब' खटल्यात निवाडा झाला, की हद्दीत आलेली फांदी खुशाल छाटावी. आपल्या शहरांत मात्र १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे कुऱ्हाड उचलण्याआधी परवानगी घ्यावी. म्हणून, वाचकहो, मी म्हणतो, शेजारी आंबे घेऊन येईल तेव्हाच वाळक्या फांदीचे बोला. नंतर चिठ्ठीही द्या. धोका ठाऊक असून गप्प बसणाऱ्या मालकाला भरपाई टाळणे जड जाते. पण भरपाईने कौले शाकारता येतात. खाली खेळणारे पोर परत आणता येत नाही.