मोकळ्या बाजाराचा वकील

मुक्त अर्थव्यवस्थेचा विषय निघाला की आमच्या वाणिज्य शाखेच्या वर्गाचे सरळ दोन तट पडतात. एका तटाला सरकार हे सगळ्या दुखण्याचे मूळ वाटते, दुसऱ्याला व्यापारी. मी पहिल्या तटातला, हे आधीच सांगून टाकतो. वाचकांची फसवणूक नको. माल पिकवणाऱ्याला तो कुणाला, कुठे आणि केव्हा विकायचा हे ठरवता आले पाहिजे, आणि सरकारला त्यात पडायचेच असेल तर त्याचे कारण कोर्टात सांगता आले पाहिजे, एवढे माझे म्हणणे आहे. परंतु आमच्या तटाविषयीच माझी एक तक्रार आहे, आणि ती मांडण्यासाठीच हा लेख.

आपल्या देशात मोकळ्या बाजाराची बाजू मांडणारी माणसे पूर्वीपासून आहेत. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ स्थापन केला. पुढे नानी पालखीवाला यांची अर्थसंकल्पावरील भाषणे ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरत असे. (आकडेमोड ऐकायला मैदान भरते, ही गोष्ट आमच्या अकौंटन्सीच्या तासाला बसणाऱ्यांना पटणार नाही!) ही माणसे केवळ व्याख्याने देऊन थांबली नाहीत, ती कोर्टात गेली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याविरुद्ध रुस्तुम कूपर यांनी दावा लावला, पालखीवालांनी तो लढवला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सरकारने लगेच नवा वटहुकूम काढून बँका घेतल्याच, तो भाग वेगळा. बंगळूरच्या मिनर्व्हा मिलचा खटलाही त्यांचाच. १९८० च्या त्या निकालाने गिरणी काही मालकांना परत मिळाली नाही. पण घटना हवी तशी वाकवण्याचा संसदेचा अधिकार मर्यादित राहिला, आणि त्याचा फायदा आपण सगळेच घेत आहोत.

आता माझी तक्रार. बँकेच्या भागधारकाला पालखीवाला मिळाले, गिरणीमालकाला मिळाले. घटनेच्या ज्या एकोणिसाव्या कलमाने त्यांना व्यापाराचा हक्क दिला, त्याच कलमाने तो निपाणीच्या तंबाखू उत्पादकालाही दिला होता. त्याला कोण मिळाले?

निपाणी आपल्याच जिल्ह्यातले गाव. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी तेथे पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. मागणी भावाची होती. घेणारे मूठभर, विकणारे हजारो. माल आधी उचलायचा आणि पैसे सवडीने द्यायचे, ही त्या बाजारातली जुनी तक्रार. आंदोलन तीन आठवड्यांहून अधिक चालले आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन संपले. शेतकरी मारले गेले. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे, दोन्ही त्या रस्त्यावर होते. सीमाप्रश्नाच्या गदारोळात ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट खटकते. आम्हांला १९३० चा मालविक्रीचा कायदा अभ्यासाला असतो. सौद्यात किंमत ठरली नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत दिली पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचे हक्क तर आम्ही परीक्षेसाठी घोकतो. पाच गुणांचा हमखास प्रश्न. हा कायदा महामार्गावर बसलेल्या त्या शेतकऱ्यांसाठीही होता. पण जो कायदा इंग्रजीत लिहिलेला, ज्याचे कोर्ट तालुक्याला आणि वकील ओळखीचा नाही, तो असून नसल्यासारखा. शेतकऱ्याला रस्ता जवळचा वाटला.

कन्नडमध्ये शेतकऱ्याला ‘रैत’ म्हणतात. आपण तोच शब्द ‘रयत’ असा उच्चारून प्रजा या अर्थाने वापरतो. स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्याच्या बाबतीत आपला मराठी अर्थच खरा ठरला, असे मला वाटते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्काच्या आधारे आव्हान देता येत नव्हते. जमीनदारी मोडण्यासाठी ते केले गेले आणि तो हेतू चांगलाच होता. पण पुढे परिशिष्ट फुगत गेले, त्यातील कायदे २८४ झाले. १९५५ चा आवश्यक वस्तूंचा कायदा १९७६ साली तेथे जाऊन बसला. किती साठवावे, कुठे न्यावे, कोणत्या भावाने विकावे, हे सरकारने हुकुमाने ठरवायचा अधिकार या कायद्यातून येतो. २००७ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. म्हणजे दाराची कडी निघाली आहे. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन हे कायदे जावेत म्हणून बोलत असते. त्यांच्या सभांना जेवढी माणसे असतात त्याहून जास्त आमच्या गॅदरिंगला असतात, हे दुर्दैव.

हा सगळा इतिहास झाला म्हणून कोणी पान उलटू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली. आपल्या भागात परराज्य म्हणजे काय, तर बांधाच्या पलीकडचे शेत! कोल्हापूर-सांगलीच्या कडेचा ऊस बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांना येतो, कारण येथे कधी दर बरा मिळतो, कधी तोड लवकर मिळते. त्या उसाला अलीकडे यायला मज्जाव झाला. राजू शेट्टी यांच्या संघटनेने आणि इतरांनी ओरड केली आणि काही दिवसांतच बंदी मागे घेतली गेली. सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पण देशभर व्यापार मुक्त असेल असे सांगणारे घटनेचे ३०१ वे कलम अशा बंदीला आडवे येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे कोर्टाकडून मिळालेच नाही. ओरडीने गेलेला हुकूम ओरड थांबली की परत येऊ शकतो. कारखान्यांचीही तीच कथा. दोन साखर कारखान्यांत किमान पंधरा किलोमीटर अंतर हवे, हा केंद्राचा नियम. महाराष्ट्राने ते पंचवीस केले. नवा गिऱ्हाईक जवळ येऊ द्यायचा नाही आणि जुन्याने दर पाडला की शेतकऱ्याला धीर धरायला सांगायचे.

कोर्टात गेल्याने काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असा नियम १९६६ पासूनच्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली ही रक्कम दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. फेरीवाल्यांचे उदाहरण त्याहून जुने. रस्त्यावर माल विकणे हाही व्यवसायाचाच हक्क आहे, हे १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, तेव्हा कुठे २०१४ साली त्यांच्यासाठी कायदा झाला.

कन्नड विभागातला माझा एक मित्र यावर म्हणतो, “तुझे सगळे कायदे काढून टाकले तरी घेणारे तेच चारजण राहणार.” त्याचे म्हणणे मी सहज झटकणार नाही. बिहारने २००६ साली बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला, म्हणून तेथे खाजगी बाजारांची रांग लागली नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये समितीच्या आवाराबाहेर खरेदीची मोकळीक दिली, त्यानंतर आपल्या शहरात खाजगी भाजी मार्केटवरून केवढे रण माजले ते सर्वांनी पाहिले. पण माझ्या मते याचा अर्थ एवढाच की, बंधन काढणे हे निम्मे काम आहे. चौघांनी संगनमत केले तर त्यांना जाब विचारणारा कायदा आणि तो चालवणारा माणस मोकळ्या बाजारालाही लागतोच. उलट, सरकारने चौघांनाच परवाने दिले आणि पाचव्याला अडवले, तर त्या संगनमताला सरकारी शिक्का मिळतो. मित्राला हे अर्धेच पटले आहे.

आमच्यासारख्या मुलांना येथे करण्याजोगे काम आहे. आपल्या बाजारात सौदा मराठीत होतो, पट्टी कन्नडमध्ये लिहिली जाते आणि निकाल इंग्रजीत लागतो. या तिन्ही भाषा कामापुरत्या येणारी मुले या महाविद्यालयात शेकड्यांनी आहेत. पट्टीतली अडत, हमाली, तोलाई नियमाप्रमाणे कापली आहे का, पैसे किती दिवसांनी आले, व्याज लावले का, हे तपासायला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचे ज्ञान पुरते. गावातल्या विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन महिन्यातून एक रविवार बाजार आवाराजवळ टेबल मांडता येईल. वाणिज्य मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे; कन्नड विभागाच्या मित्राने, अर्धेच पटले असूनही, अनुमोदन द्यायचे कबूल केले आहे.