अनुदान कशाचे – यंत्राचे की सेवेचे?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एका डोंगराळ जिल्ह्याचा कारभार माझ्याकडे होता. दौऱ्यावर निघण्यापूर्वी गावोगावच्या सार्वजनिक दूरध्वनींची यादी मी मागवून घेत असे. मुक्काम कुठे करायचा, हे पुष्कळदा त्यावर ठरे. एका गावी पोहोचलो, तर दूरध्वनी गावप्रमुखाच्या घरी लाकडी पेटीत, कुलपात होता. बॅटरी निकामी होऊन वर्ष उलटले होते. यादीत त्या गावापुढे ‘स्थापित’ असा शब्द होता आणि ती नोंद खोटी म्हणता येत नव्हती. यंत्र स्थापित होतेच. ते चालू आहे की नाही, यासाठी यादीत रकानाच नव्हता.

दूरसंचार कायदा, २०२३ ने ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’चे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. निधीची व्याप्ती वाढली. संशोधन, नवे तंत्रज्ञान, प्रायोगिक प्रकल्प यांनाही त्यातून पैसा देता येईल. परंतु दुर्गम भागासाठी दिलेल्या रुपयाच्या मोबदल्यात आपण नेमके काय विकत घेतो, हा जुना प्रश्न नामांतराने सुटलेला नाही.

खर्चिक प्रदेशातील सेवेचा भार कोणी उचलायचा, हा वाद दूरध्वनीहूनही जुना आहे. १८५४ च्या टपाल सुधारणांनी अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर लावला. जवळची पत्रे दूरच्या पत्रांचा खर्च सोसू लागली. (कंपनी सरकारने हे प्रजेच्या कळवळ्यापोटी केले, असे मानण्याचे कारण नाही, पसरलेल्या साम्राज्याला पसरलेले टपाल हवे होते.) स्वतंत्र भारताच्या दूरध्वनी खात्याने हाच मार्ग पत्करला. एसटीडीचे दर चढे ठेवायचे आणि त्या उत्पन्नातून मासिक भाडे व स्थानिक कॉल स्वस्त ठेवायचे. मक्तेदारी होती तोवर हे गणित जुळले. लांब पल्ल्याच्या सेवेत स्पर्धा आली, एसटीडीचे दर कोसळले आणि जिथून पैसा काढून ग्रामीण तारांवर घालायचा, तो झराच आटला. २००३ मध्ये ‘ट्राय’ने ‘अ‍ॅक्सेस डेफिसिट चार्ज’ नावाचा आकार लावून तूट भरण्याचा प्रयत्न केला. त्याचा मुख्य लाभार्थी बीएसएनएल होता. तो आकार २००८ मध्ये संपुष्टात आला.

निधीची मूळ कल्पना याहून स्वच्छ होती. १ एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाच्या पाच टक्के रक्कम दुर्गम भागासाठी वेगळी काढली जाऊ लागली. आतबट्ट्याचा व्यवहार दरपत्रकात दडवण्यापेक्षा उघड कर आणि उघड अनुदान केव्हाही बरे. मात्र हे पाच टक्के कंपन्यांच्या नफ्यातून येत नाहीत. रिचार्ज करणारा प्रत्येक जण ते भरतो. ज्या मजुराच्या गावात अजून नीट सिग्नल नाही, तोसुद्धा शहरात कामावर असताना भरतो.

या पैशाचे झाले काय? निधी सुरू झाला तेव्हा ग्रामीण भागात शंभर माणसांमागे जेमतेम एक दूरध्वनी होता. गरज उघड होती. पण २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत निधीतून साध्या दूरध्वनीलाच, म्हणजे व्यवहारात मुख्यतः तारेच्या जोडणीला मदत देता येत होती. मोबाइल देशभर पसरण्याची नेमकी तीच वर्षे! कायद्याने सेवेचे नाव घेण्याऐवजी तंत्राचे नाव घेतले आणि पैसा मावळत्या तंत्राला बांधला गेला. अनुदान सर्वांत कमी मागेल त्याला काम, ही उलट लिलावाची पद्धत कागदावर उत्तम होती. परंतु सुरुवातीच्या लिलावांत पुष्कळ ठिकाणी बीएसएनएल हा एकच बोलीदार होता. एकच बोली असेल, तर लिलाव नावापुरता उरतो. २००७ मध्ये सामायिक मोबाइल मनोऱ्यांसाठी खासगी कंपन्या उतरल्या, तेव्हा काही भागांत सेवा देण्यासाठी शून्य अनुदानाच्याही बोली आल्या. दुर्गमतेचा खरा खर्च कार्यालयात बसून ठरवता येत नाही, हे यावरून दिसले.

जमा आणि खर्चाचा मेळही बसला नाही. वसुली आधी देशाच्या एकत्रित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीनेच या निधीकडे येते. २०२० च्या सुमारास अखर्चित शिल्लक पन्नास हजार कोटींच्या घरात होती. अर्थ मंत्रालयाला अशी रक्कम सोडवत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. पण एका कारणासाठी घेतलेला कर दुसऱ्याच कामी येत असेल, तर त्याला सार्वत्रिक सेवेचा कर म्हणू नये.

पुढे सर्वांत मोठा खर्च आला तो भारतनेटवर. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत फायबरने जोडायच्या होत्या. दशकभरानंतर दोन लाखांहून अधिक पंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ ठरल्या आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी वापर नाममात्र राहिला. ‘सेवेसाठी सज्ज’ हे ‘स्थापित’चेच नवे रूप. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटींच्या सुधारित योजनेत दहा वर्षांची देखभाल धरली आहे. एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील, अशी वर्तुळाकार रचनाही आहे. चूक ओळखल्याची ही खूण आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो, अनुकरणासाठी नव्हे, सावधगिरीसाठी. तेथे खर्चिक प्रदेशात जुन्या कंपनीला प्रत्येक जोडणीमागे जितके अनुदान, तितकेच नव्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळे, त्याचा स्वतःचा खर्च कितीही कमी असो. २०११ मध्ये हा नियम रद्द करावा लागला. पुढे २०२० च्या ग्रामीण ब्रॉडबँड लिलावात अनेकांनी कमी बोली लावून प्रदेश जिंकले. त्यांतल्या काहींची बोली नंतर नाकारली गेली, काहींनी स्वतःच अंग काढून घेतले. तोवर त्या वस्त्या ताटकळत राहिल्या. म्हणजे सर्वांत कमी बोली पुरेशी नाही. ती निभावण्याची ऐपत आधी तपासावी लागते.

माझे मत असे, की अनुदानाचा निम्म्याहून मोठा भाग चालू सेवेच्या तासांवर, दर तिमाहीस द्यावा. तंत्र कोणते, फायबर, मनोरा की उपग्रह, हे निधीने ठरवू नये. यावर कंत्राटदारांचा आक्षेप रास्त आहे: दरड कोसळली, वन खात्याची परवानगी अडली, वीज आठवडाभर गेली, तर दंड आम्हीच का सोसावा? अशा कारणांची यादी करारातच असावी आणि उभारणीपुरती काही रक्कम आगाऊही मिळावी. मात्र सेवा चालू असल्याचा दाखला कंत्राटदाराच्या यंत्रणेकडून घेऊ नये. आजची उपकरणे तासातासाची नोंद आपोआप ठेवतात. ती गाववार प्रसिद्ध करण्यास फारसा खर्च नाही, अडचण इच्छेची आहे.

हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा नाही. जुलै २०२२ मध्ये मंजूर झालेल्या २६,३१६ कोटींच्या योजनेतून सेवेपासून वंचित २४,६८० गावांना फोर-जी पोहोचवण्याचे काम बीएसएनएलकडे आहे. त्या रकमेत चालवण्याचा खर्च पाच वर्षांचा धरला आहे. सहाव्या वर्षी त्या मनोऱ्याचे डिझेल, बॅटरी आणि दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, हे आजच लिहून ठेवायला हवे. या गावांतून कंपनीला मिळणाऱ्या उत्पन्नातून तो निघणार नाही. तो निघत असता, तर ही गावे इतकी वर्षे वंचित राहिलीच नसती.