गिऱ्हाईक निवडले, पण त्याची किंमत ऐकली नाही

ॲपल कंपनीच्या स्थापनेत स्टीव्ह जॉब्ज यांचा वाटा होता. तरी सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांना ती सोडावी लागली. स्वतःचे सत्तर लाख डॉलर घालून त्यांनी ‘नेक्स्ट’ ही नवी कंपनी काढली. नवा संगणक प्रथम केवळ विद्यापीठांनाच विकावयाचा, असे त्यांनी ठरविले.

या निर्णयामागे विचार होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील नोबेल विजेते शास्त्रज्ञ पॉल बर्ग यांच्याशी त्यांचे बोलणे झाले होते. प्रयोगशाळेतील खर्चिक व वेळखाऊ प्रयोग विद्यार्थ्यांना पडद्यावर करता आले तर? तेवढ्या शक्तीचा संगणक मात्र विद्यापीठांच्या आवाक्यात नव्हता. म्हणजे गरज खरी होती आणि गिऱ्हाईकही नेमके होते. शिवाय आज ज्या यंत्रावर विद्यार्थ्याचा हात बसेल, तेच तो उद्या नोकरीच्या ठिकाणी मागेल, हा लाभ निराळाच.

प्राध्यापकांनी आपली अपेक्षा सांगितली. त्याबरोबर किंमतही सांगितली. ती तीन हजार डॉलरच्या आत हवी होती.

१२ ऑक्टोबर १९८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात काळ्या रंगाचा, घनाकृती संगणक प्रकट झाला. यंत्र देखणे व गुणी होते. परंतु किंमत साडेसहा हजार डॉलर, आणि छपाईयंत्रासाठी आणखी दोन हजार! विद्यापीठांचे अंदाजपत्रक वर्षाचे आधीच बांधलेले असते; विद्यार्थ्याचा खिसा तर त्याहून लहान. मागणी अपेक्षेप्रमाणे आली नाही.

१९८९ मध्ये कंपनीने व्यापारी ग्राहकांसाठीही दार उघडले. पण तेथे सन कंपनीची यंत्रे आधीच स्थिरावली होती. दरम्यान रॉस पेरो यांचे दोन कोटी आणि कॅनन कंपनीचे दहा कोटी डॉलर आले होते. त्यामुळे फ्रीमाँट येथील स्वयंचलित कारखाना चालू राहिला, एवढेच. भांडवल आले म्हणजे विक्री झाली असे नव्हे. ताळेबंदात दोहोंच्या जागा वेगळ्या असतात. सुमारे पन्नास हजार यंत्रे विकून १९९३ मध्ये कंपनीने यंत्रनिर्मिती थांबविली.

यंत्रात दोष नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये वर्ल्ड वाइड वेबची पहिली रचना याच संगणकावर केली. पुढे कंपनीची संगणकप्रणाली एवढी मोलाची ठरली की, डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलनेच ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले आणि जॉब्ज परतले.

एकाच गिऱ्हाइकासाठी माल करण्यात चूक नव्हती. चूक ही की, त्याची गरज ऐकून घेतली आणि त्याची ऐपत मात्र कानाआड केली. नव्या पिढीचा मुलगा दुकानात नवा माल आणू म्हणेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याचा उत्साह मोडू नये. मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा : ज्याच्यासाठी हा माल आणतोस, त्याने किंमत किती सांगितली आहे?