स्कोअर लिहायला बसवलेली मुलं

पीटीच्या तासाला व्हीलचेअरवरच्या मुलाच्या हातात वही द्यायची, त्याला स्कोअर लिहायला बसवायचं आणि पालकसभेत सांगायचं की आम्ही त्याला सामावून घेतो. ही फसवणूक आहे. प्रेमळ आहे, पण फसवणूकच.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा कल्याणला राहतो, वय ११. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय साथ देत नाहीत, हात मात्र दणकट आहेत. वर्गातल्या प्रत्येकाचे रन त्याला पाठ असतात. मध्यंतरी मला म्हणाला, "मामा, आज बॉल माझ्या चाकापाशी आला होता. पण सरांनीच उचलला." तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. माझं डोकं त्यामुळेच फिरलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १६ वं कलम वाचा. मान्यताप्राप्त शाळांमध्ये या मुलांना शिक्षणासोबत खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने मिळावी, ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. स्थानिक संस्था म्हणजे आपली महापालिका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये सांगून टाकलं की ५ ते १७ वयाच्या दिव्यांग मुलांनाही दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. दिवसभर बसून वजन वाढतं, सांधे आखडतात, त्वचेला जखमा होतात. आणि आपण देतो काय, तर वही.

आता खुर्चीकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिच्याशी आहे.

आपल्याकडे सर्रास दिसणारी घडीची स्टीलची व्हीलचेअर नीट बघा. जड असते, चाकं सरळ उभी आणि पाठीमागे दोन दांडे. आमच्या धंद्यात कुठलंही प्रॉडक्ट हातात आलं की पहिला प्रश्न असतो, याचा युजर कोण? या खुर्चीचा युजर मागे उभा असलेला माणूस आहे. बसणारा म्हणजे सामान. १९८१ पासून केंद्राची एडीप योजना साहित्य वाटते आहे, शिबिरं होतात, फोटो निघतात. खुर्ची मिळाली की विषय संपला असं सगळे धरून चालतात.

खेळाच्या खुर्चीला ढकलायचे दांडेच नसतात. तिची चाकं वर आत झुकलेली आणि खाली बाहेर फाकलेली असतात. त्यामुळे पाया रुंद होतो, खुर्ची चटकन वळते, टक्कर झाली तरी बोटं चिरडत नाहीत. मागे एक छोटं चाक असतं, उलटं पडू नये म्हणून. कमरेला आणि पायांना पट्टे. पोरगं त्यात बसलं की त्याला कुठे जायचंय ते त्याचं तोच ठरवतो. आईबापांना भीती वाटते, पडेल. हो, पडेल. खेळणारी पोरं पडतातच.

मग प्रत्येक पालकाने ही घ्यावी का? अजिबात नाही. परदेशी खुर्ची लाखांत जाते. शिवाय मूल वाढतं, आणि सीट कमरेच्या मापाची नसेल तर तिचा उपयोग नाही. दोन-तीन वर्षांत ती अडगळीत. आणि तिरक्या चाकांची ही रुंद खुर्ची डोंबिवलीच्या वन-बीएचकेच्या दारातून न्यायची कशी? सव्वाआठच्या लोकलचं तर नावच काढू नका.

म्हणून खुर्च्या मैदानाच्या मालकीच्या हव्यात, वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात दहा, ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमला दहा, वेगवेगळ्या मापांच्या. दहा अशासाठी, की व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच जण असतात. या खेळात शरीराची क्षमता बघून प्रत्येकाला १ ते ४.५ गुण देतात आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे कमी हालचाल करू शकणाऱ्या खेळाडूला संघात घ्यावंच लागतं. ज्याने कोणी हा नियम लिहिला त्याला माझा सलाम.

"एवढी मुलं मिळणार कुठून?" हा ठरलेला प्रश्न. भावंडांना बसवा, वर्गमित्रांना बसवा. कॅनडात चालता येणारे लोकही देशांतर्गत व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात. ज्यांच्या हातांतही जोर नाही त्यांच्यासाठी बोचिया आहे, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये. उतरत्या पट्टीवरून चेंडू सोडूनही तो खेळता येतो.

दुसरा प्रश्न जास्त सभ्य असतो: "आधी रॅम्प आणि लिफ्ट तर होऊ देत." दोन्ही हवंच. पण आपल्या स्टेशनबाहेरची कामं किती वर्षं चालतात ते आपण रोज बघतो. आज नऊ वर्षांचं असलेलं पोरगं तोवर नऊ वर्षांचं राहणार नाही.

आणि कृपा करून मेडलचं बोलू नका. २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' बघून आपण सगळे रडलो. सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, ते थोरच आहेत. पण १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या तेव्हा ते सैनिक होते, बॉक्सर होते. खेळणं म्हणजे काय ते त्यांच्या अंगाला माहीत होतं. माझ्या भाच्याला ते कळणार कधी? त्याला पदक नकोय. त्याला तो बॉल स्वतः उचलायचाय.

पैशाचं म्हणाल, तर महापालिकांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असा राज्याचा नियम आहे. मासिक मदतीला हात लावू नका, ती लागतेच. पण चौकाचौकांत सेल्फी पॉइंट उभारणाऱ्या शहरांना वीस खुर्च्या परवडत नाहीत, हे मला कोणीतरी आकडे मांडून पटवावं. नगरसेवक मतं मागायला येईल तेव्हा गटाराच्या प्रश्नानंतर हा एक विचारा. मैदानाजवळ तळमजल्यावर कुलूप लावता येईल अशी एक खोली लागेल, सपाट टणक फ्लोअर लागेल, आठवड्यातून दोन संध्याकाळी एक कोच आणि एक फिजिओ. टायर हवेचे असतात, पंक्चर होतील. ते आपल्या कोपऱ्यावरचा सायकलवालाही काढून देईल.