टीबी बरा झाला, फुप्फुसाचे काय?

क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने नेमाने घेतल्या, शेवटची थुंकी तपासली, जंतू नाहीत असा अहवाल आला आणि कार्डावर ‘बरा’ असा शेरा पडला, की त्या रुग्णाचे सरकारी खाते जवळजवळ बंद होते. शेरा खोटा नसतो, जंतू खरोखर गेलेले असतात. पण त्यांनी पोखरलेल्या श्वासनलिका काही पूर्ववत होत नाहीत. उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करावा, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे निर्देश आहेत. तो पाठपुरावाही मुख्यतः जंतू परत आले का, हे पाहण्यासाठी. माणूस जिना चढू शकतो का, रोज सकाळी किती बेडके पडतात, वर्षातून किती वेळा छाती भरते, हे विचारायला त्यात फारशी जागा नाही.

या मागे राहिलेल्या आजाराचे नाव ब्राँकिएक्टॅसिस. स्टेथोस्कोपचा जनक असलेल्या रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ साली त्याचे वर्णन करून ठेवले. श्वासनलिकांच्या भिंती कमकुवत होतात, नळ्या कायमच्या रुंदावतात आणि त्यांच्या आतल्या अस्तरावरची, कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची यंत्रणा मोडते. मग कफ साचतो. तुंबलेल्या मोरीत व्हावे तेच तिथे होते. साचलेल्या कफात जंतू वाढतात, सूज येते, सुजेने भिंत आणखी झिजते आणि पुढच्या खेपेला आणखी कफ साचतो. टीबी हे याचे एकमेव कारण नाही. लहानपणीचा न्यूमोनिया, गोवर, डांग्या खोकला यांनीही हे घडते. पण भारतातल्या २१९५ रुग्णांची नोंदवही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिकांच्या आजाराचे मूळ जुन्या टीबीत सापडले. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे नवल वाटू नये.

अशा माणसाचे वर्ष ऋतूंवर चालते. पावसाळ्यातली ओल, दिवाळीतला धूर, डिसेंबर-जानेवारीची थंडी. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला तर धुरासाठी दिवाळीचीही गरज नसते. दोन-तीन दिवसांत खोकला वाढतो, कफ घट्ट आणि हिरवट होतो, धाप लागते, अंगातले त्राण जाते. गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध मिळते. थोडे बरे वाटते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दवाखाना टाळून थेट मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवली जाते.

यात प्रत्येक पायरीवर काहीतरी चुकते. खोकला दाबणारे औषध या रुग्णाला बहुधा अपायच करते, कारण कफ बाहेर काढण्याचा त्याच्याकडे उरलेला तो मार्ग असतो. तीन दिवसांच्या गोळ्या अपुऱ्या पडतात. निरोगी माणसाच्या छातीच्या संसर्गाला थोड्या दिवसांचे औषध पुरते. ब्राँकिएक्टॅसिसमध्ये मात्र सहसा चौदा दिवसांचा कोर्स सुचवला जातो. शिवाय जंतू कोणता, हे कुणी पाहिलेलेच नसते. या रुग्णांत बऱ्याचदा सुडोमोनस नावाचा चिवट जंतू ठाण मांडून असतो आणि नेहमीच्या कित्येक अँटिबायोटिक्सना तो दाद देत नाही. सर्रास लिहून दिले जाणारे लेव्होफ्लॉक्सासिन तर दुहेरी घोटाळा करते. टीबी खरोखरच उलटला असेल, तर या औषधाने तो काही काळ झाकला जातो आणि निदान लांबते. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर हेच औषध राखून ठेवावे लागते, ते वेगळेच. २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचे नाही आणि विकल्यास डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवायचे. ही वही किती दुकानांत उघडली जाते, ते ग्राहकांनाच ठाऊक!

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच महाग पडते. छातीच्या फोटोत डाग दिसला की ‘टीबी उलटला’ असे सांगून सहा महिन्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. जुन्या टीबीचा व्रण फोटोत आयुष्यभर दिसू शकतो. सीबीनॅटसारखी तपासणीसुद्धा इथे चकवू शकते, कारण ती जंतूचा डीएनए शोधते आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए उपचारानंतरही काही काळ थुंकीत सापडतो. अशा वेळी जंतू जिवंत आहेत का, हे ठरवायला कल्चर लागते. टीबीचे कल्चर यायला काही आठवडे जातात खरे. पण लक्षणे फार बिघडलेली नसतील तर ते थांबणे परवडते. यकृताला त्रास देऊ शकणारी औषधे आणि गावात पुन्हा चिकटलेला शिक्का, हे दोन्ही विनाकारण सोसणे परवडत नाही.

म्हणून आग्रह धरायचा तो थुंकीच्या डबीचा. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी कफाचा नमुना द्यावा. गावातल्या डॉक्टरची अडचण खरी आहे. समोर माणूस धापा टाकतो आहे आणि साध्या कल्चरचा अहवालही दोन-तीन दिवसांनी येणार. त्यावर कुणी रुग्णाला ताटकळत ठेवा म्हणत नाही. नमुना आधी घ्यावा, मागच्या अहवालानुसार औषध सुरू करावे, नवा अहवाल आला की गरज पडल्यास बदलावे. त्यासाठी मागचा अहवाल घरात सापडायला हवा, आणि तो फाइलमध्ये ठेवायला रुग्णाला कुणीतरी सांगितलेले हवे. लाल रक्त पडू लागले, बोलताना वाक्य पुरे होईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर मात्र डबी-फाइल बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

मधल्या बऱ्या दिवसांतले मुख्य औषध दुकानात मिळतच नाही. ते म्हणजे रोज छाती मोकळी करणे. काही संथ श्वास, मग काही खोल श्वास, मग आरशावर वाफ धरताना सोडतो तसा तोंड उघडे ठेवून जोरदार उच्छ्वास. फुप्फुसाचा कोणता भाग खराब आहे त्यानुसार कुशीवर किंवा छातीखाली उशी घेऊन झोपायचे, म्हणजे कफ उताराने खाली येतो. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून एक-दोनदा. फिजिओथेरपिस्ट हे एका-दोन बैठकांत शिकवू शकतो. पण तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर, अशीच समजूत आहे, आणि डॉक्टरही छातीच्या रुग्णाला तिकडे क्वचितच धाडतात. त्याऐवजी इनहेलर लिहिला जातो. सोबत दमा असेल तर तो हवाच. पण दमा नसताना वर्षानुवर्षे घेतलेले स्टेरॉइडचे इनहेलर या रुग्णांना फारसे काही देत नाहीत, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढवतात. फ्लूची वार्षिक लस आणि न्यूमोकॉकसची लस घ्यावी, हा सल्ला सर्वमान्य आहे. बहुतेकांना ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते, आणि रोजंदारीवर जगणारा माणूस न झालेल्या आजारासाठी पैसे काढत नाही.

टीबीनंतरच्या फुप्फुसाची काळजी कशी घ्यावी, याची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तयार केलेली मानके २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली. उपचार संपताना प्रत्येक रुग्णाची फुप्फुसे तपासावीत, ही त्यांतली पहिली अपेक्षा. ती पुरी करायला नवी योजना लागत नाही. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० ची १००० रुपये झाली, ती खात्यात पोहोचवणारी यंत्रणा घराघरापर्यंत आहे. त्याच यंत्रणेने शेवटच्या भेटीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, सहा मिनिटे चालवून पाहणे, छातीचा एक फोटो ‘हा जुना व्रण’ असे लिहून रुग्णाच्याच हाती देणे आणि कफ काढण्याचा व्यायाम एकदा करवून घेणे, एवढे केले तरी पुढच्या हिवाळ्यात त्या माणसाला गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठीखेरीज दाखवायला काहीतरी असेल.